वाचनकट्ट्यावरचा एक तास : आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मेलबर्नमधल्या आपल्या मंडळाच्या वाचनकट्ट्यासाठी मी सुचवलेला कार्यक्रम कार्यकारिणीने रद्द केल्याचे मला गेल्या महिन्यात सचिवांच्या चार ओळींच्या ईमेलवरून समजले. कार्यक्रम अगदी साधा होता. आश्रय मागायला होडीतून आलेल्या आणि ऑस्ट्रेलियाने मानुस बेटावर डांबून ठेवलेल्या बेहरूझ बुचानी या कुर्दी-इराणी लेखकाने तिथेच लिहिलेल्या 'नो फ्रेंड बट द माउंटन्स' या पुस्तकाविषयी तासभर बोलायचे, त्यातली मी मराठीत उतरवलेली चार पाने वाचून दाखवायची, आणि मग नेहमीप्रमाणे चहा. सभासदांना सूचना गेली होती, अठरा जणांनी येतो म्हणून कळवलेही होते. विषय राजकीय आहे, त्यावरून सभासदांत मतभेद होतील आणि मराठी भाषेशी त्याचा काही संबंध नाही, अशी कारणे आपण दिलीत. त्याच आठवड्यात मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटात मी ठेवलेल्या या पुस्तकाच्या दोन प्रती कापडी पिशवीत घालून माझ्या दाराशी ठेवण्यात आल्या. घंटी वाजवली असती तर आत बोलावले असते.

यावर मी सचिवांना दोनदा लिहिले आणि अध्यक्षांशी एकदा फोनवर बोलले. 'आता विषय वाढवू नका' यापलीकडे उत्तर मिळाले नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. घरातले भांडण चव्हाट्यावर आणल्याचा दोष माझ्यावर येईल, तो मी पत्करते. मंडळाचे नाव मात्र मी कुठेही लिहिलेले नाही, कारण असे निर्णय फक्त आपल्याच मंडळात होतात असे मी मानत नाही.

मी या मंडळाची 2003 पासून आजीव सभासद आहे. भाड्याच्या सभागृहातल्या कोपऱ्यातली ती दोन लोखंडी कपाटे ज्यांनी जुन्या सामानाच्या दुकानातून ट्रेलरवर बांधून आणली, त्यांत मी होते. पुस्तकांच्या पाठींवरचे क्रमांक अजूनही माझ्या अक्षरातले आहेत. हे मोठेपणासाठी सांगत नाही. त्या कपाटांत काय राहावे आणि काय बाहेर जावे, हा प्रश्न मला परका नाही, एवढेच सांगायचे आहे.

ज्या लेखकाला आपण एक तास नाकारला, तो कोण आहे हे कार्यकारिणीच्या बैठकीत कुणी सांगितले होते का, याविषयी मला शंका आहे, म्हणून ते इथे सांगते. बुचानी यांचा जन्म 1983 चा, इराणच्या पश्चिम सीमेवरच्या इलाम प्रांतातला. इराण-इराक युद्ध तेव्हा ऐन भरात होते आणि इलाम त्या युद्धाच्या तोंडावर होते. घरची भाषा कुर्दी, तिथल्या अल्पसंख्य कुर्द लोकांची. शाळेत गेल्यावर शिक्षण फारसीत, कारण इराणच्या शाळांचे माध्यम फारसी आहे आणि कुर्दी मूल आपल्या आईच्या भाषेत गणित किंवा भूगोल शिकत नाही. पुढे तेहरानमध्ये राज्यशास्त्र आणि भूराजकारण शिकून ते पत्रकार झाले आणि 'वेर्या' या कुर्दी नियतकालिकाच्या उभारणीत त्यांनी हात घातला. कुर्दी माणसाने कुर्दीत लिहावे, आपली भाषा आणि रीतभात जपावी, असा त्या नियतकालिकाचा हेतू होता. कुर्दांच्या हक्कांसाठी बंदूक घेऊन डोंगरात जाणाऱ्यांच्या वाटेने जावे की लेखणी धरावी, हा प्रश्न त्या वयात त्यांनाही पडला होता. त्यांनी लेखणी धरली, आणि ती निवड तत्त्वाची होती की भीतीची, हेही ते पुस्तकात स्वतःला न सोडता विचारतात. मला हा माणूस आवडला तो त्या पानापासून.

फेब्रुवारी 2013 मध्ये इराणच्या क्रांतिरक्षक दलाने 'वेर्या'च्या इलाममधल्या कार्यालयावर छापा घातला आणि 11 सहकाऱ्यांना पकडले. बुचानी त्या दिवशी तेहरानमध्ये होते म्हणून सुटले. त्यांनी अटकेची बातमी बाहेर फोडली, ती जगभर गेली, आणि मग त्यांना लपून राहावे लागले. तीन महिन्यांनी, मे 2013 मध्ये, त्यांनी देश सोडला.

आता मला आपल्याला एकच विचारायचे आहे, आणि या पत्राचा सगळा मुद्दा तोच आहे. दर शनिवारी आपण मुलांसाठी मराठी शाळा भरवतो. इथल्या राज्य सरकारच्या मदतीने भरवतो, गाणी म्हणतो, बाराखडी गिरवून घेतो, आणि मुले मातृभाषा विसरू नयेत म्हणून पालकांना चार शब्द सुनावतो. हेच काम आपल्या भाषेसाठी केले म्हणून ज्याला घर, आई आणि देश सोडून पळावे लागले, त्या माणसाविषयी तासभर बोलण्याला भाषेच्याच मंडळात 'भाषेशी संबंध नाही' असे उत्तर कसे मिळते?

आणि संबंध शोधायचाच असेल तर तो आपल्या बोलण्यातही आहे. अध्यक्ष मला फोनवर म्हणाले, 'ताई, ती माणसे बेकायदा आली.' 'बेकायदा' हा शब्द आपल्याला फारसीने दिला. अर्ज, फिर्याद, कैद, दस्तऐवज, जमीन, आजार, हे सगळे शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि आपले झाले. बुचानी यांचे पुस्तक फारसीत लिहिले गेले. ज्यांनी ते इंग्रजीत आणले त्या अनुवादकाचे नाव ओमिद तोफिघियान. ओमिद म्हणजे आपली 'उमेद'. मराठी उतारा करताना असे शब्द वाटेत भेटत होते आणि मला दर वेळी थांबायला होत होते.

आता आपल्या आक्षेपांकडे येते. फोनवर ऐकलेला आक्षेप ईमेलमध्ये नव्हता, पण खरा तोच असावा असे मला वाटते, म्हणून आधी तो घेते. आपण सगळे रांगेत उभे राहून, व्हिसासाठी शिक्षण-अनुभवाचे गुण मोजून घेऊन, कागदपत्रे साक्षांकित करून इथे आलो. ही माणसे रांग मोडून होडीतून आली. मीही त्या गुणांच्या हिशेबातून आले आहे. इंग्रजीच्या परीक्षेची फी, वैद्यकीय तपासणी, मिरजेहून मागवलेले पोलिसांचे दाखले, आणि पत्र येईपर्यंत टपालाच्या पेटीकडे रोजच्या फेऱ्या, हे मी विसरलेले नाही. पण आश्रय मागणाऱ्यासाठी अशी रांग कुठे लागते? ज्या सरकारचे शिपाई आपल्या सहकाऱ्यांना उचलून नेतात, त्याच सरकारकडे जाऊन पोलिसांचा दाखला मागायचा का? निर्वासितांविषयीचा 1951 चा आंतरराष्ट्रीय करार ऑस्ट्रेलियाने 1954 मध्ये स्वीकारला. जीव वाचवायला थेट आलेल्या आणि विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या निर्वासिताला कागदांशिवाय आला म्हणून शिक्षा करू नये, असे त्या कराराचे 31 वे कलम सांगते. भारताने या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांना हा फरक इथे आल्यावरही कुणी समजावून दिलेला नसतो. हे समजण्यासारखे आहे. पण न समजता कार्यक्रम रद्द करणे समजण्यासारखे नाही.

बुचानी इंडोनेशियातून दोनदा होडीत बसले. पहिली होडी बुडाली आणि ते मरता मरता वाचले. दुसऱ्या खेपेला, जुलै 2013 मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने त्यांची होडी ताब्यात घेतली. त्याच्या काही दिवस आधी, 19 जुलैला, तेव्हाचे पंतप्रधान केविन रड यांनी घोषणा केली होती की यापुढे होडीने येणाऱ्या कुणालाही ऑस्ट्रेलियात वसू दिले जाणार नाही. काही दिवसांचा फरक. ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावर महिनाभर ठेवून त्यांना पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावरच्या नौदलाच्या तळावर उभारलेल्या केंद्रात नेण्यात आले. सरकारी कागदांत त्याचे नाव 'प्रक्रिया केंद्र' होते. बुचानी यांनी पहिल्यापासून त्याला तुरुंग म्हटले. तिथे त्यांना एमईजी 45 हा क्रमांक मिळाला.

आणि आपण रांगेची गोष्ट करता म्हणून सांगते, या पुस्तकातले एक मोठे प्रकरण रांगेवरच आहे. मी मराठीत केलेली चार पाने त्यातलीच होती. जेवणाला रांग, औषधाला रांग, फोनला रांग. विषुववृत्ताजवळचे ऊन, घाम, पुढच्याच्या मानेवरची माशी, आणि ताटापाशी पोचेपर्यंत बरे ते संपलेले. रोज सगळ्यांच्या पुढे उभा राहणारा एक माणूस आहे, त्याला बाकीचे 'गाय' म्हणतात. त्याच्यावर सगळे हसतात आणि सगळ्यांना त्याचा हेवाही वाटतो. एका कैद्याचे वडील मरणाच्या दारात आहेत. त्याला घरी फोन करायचा आहे, पण आज त्याची पाळी नाही. रखवालदार म्हणतो, साहेबांचा हुकूम आहे. त्या साहेबांनाही वरच्या साहेबांचा हुकूम आहे. दुसरा आपली पाळी त्याला द्यायला तयार आहे, तेही नियमात बसत नाही. पाळी येते तेव्हा वडील गेलेले असतात. रांग मोडल्याचा आरोप ज्याच्यावर आहे, तो माणूस सहा वर्षांहून अधिक काळ त्या बेटावर आणि त्या देशात अडकून पडला होता.

दुसरा आक्षेप, विषय राजकीय आहे. इथे मी जरा थांबून बोलणार आहे, कारण 'राजकीय' हा शब्द आपण सोयीने वापरतो असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

हे धोरण मजूर पक्षाच्या सरकारने आणले आणि लिबरल-नॅशनल आघाडीच्या सरकारने ते वर्षानुवर्षे राबवले. या पुस्तकावर बोलून आपण यातल्या कुठल्या पक्षाची बाजू घेतली असती? पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2016 रोजी ही स्थानबद्धता त्या देशाच्या राज्यघटनेविरुद्ध ठरवली. मानुसवर डांबल्या गेलेल्या 1,905 जणांनी केलेल्या सामूहिक दाव्यात ऑस्ट्रेलिया सरकार आणि केंद्र चालवणाऱ्या कंपन्या 2017 मध्ये 7 कोटी डॉलर द्यायला तयार झाल्या. दोष मान्य केला नाही, पैसे मान्य केले. रेझा बराती हा 23 वर्षांचा इराणी तरुण फेब्रुवारी 2014 मध्ये त्याच केंद्राच्या आत मारहाणीत मेला. हमीद खझाई हा 24 वर्षांचा दुसरा इराणी तरुण पायाच्या जंतुसंसर्गाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेला, आणि हा मृत्यू टाळता आला असता असे क्वीन्सलंडच्या मृत्यू-चौकशी न्यायाधिकाऱ्याने 2018 मध्ये नोंदवले. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. रक्तातल्या जंतूंची तपासणी वेळेवर झाली तर काय होते आणि नाही झाली तर काय होते, हे मी रोज पाहते. याला राजकारण म्हणायचे असेल तर म्हणा, माझ्या टेबलावर त्याला दिरंगाई म्हणतात.

शिवाय, ज्यावर आपल्याला सरकारची नाराजी ओढवेल असे कुणी सुचवले असेल, त्या पुस्तकाला आपल्याच राज्याच्या सरकारी साहित्य पुरस्कारांतला सर्वोच्च सन्मान मिळाला आहे. 31 जानेवारी 2019 रोजी, याच मेलबर्न शहरात, 'व्हिक्टोरियन प्राइझ फॉर लिटरेचर' हा एक लाख डॉलरचा पुरस्कार आणि ललितेतर गद्याचा 25 हजार डॉलरचा पुरस्कार बुचानी यांना जाहीर झाला. स्पर्धेत फक्त ऑस्ट्रेलियाचे नागरिक किंवा कायम रहिवासी बसत असत. आयोजकांनी नियमाला अपवाद केला. पुरस्कार घ्यायला लेखक येऊ शकला नाही, कारण ज्या देशाने त्याला आपल्या साहित्याचा मानकरी ठरवले त्या देशात पाय ठेवायची त्याला बंदी होती. तो मानुसवरून पडद्यावर बोलला आणि पुरस्कार त्याच्या अनुवादकाने स्वीकारला. आपल्या शनिवारच्या शाळेला अनुदान देते तेच हे राज्य सरकार.

आपण राजकीय विषय टाळत नाही, हेही मला माहीत आहे. इराणमध्ये महसा जिना अमिनी या कुर्दी तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाल्यानंतर, पुढच्या महिला दिनाला आपल्याच व्यासपीठामागे 'स्त्री, जीवन, स्वातंत्र्य' असा फलक लागला होता. मी स्वतः त्याच्या अक्षरांना कात्री लावली होती. ती घोषणा मुळात कुर्दी आहे, 'जिन, जियान, आझादी'. तेव्हा तेहरानच्या सरकारविरुद्ध बोलायला आपल्याला अडचण आली नाही, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. कुर्दी माणूस इराणमध्ये असेपर्यंत त्याच्याविषयी बोललेले चालते. तो होडीत बसून आपल्या दाराशी आला की विषय राजकीय होतो, असा याचा अर्थ मी काढला तर तो चुकीचा आहे का, हे मला लेखी कळवावे.

तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकांचे वावडे तर आपल्याला कधीच नव्हते. मंडाले येथे शिसपेन्सिलीने लिहिलेले 'गीतारहस्य' आपल्या पहिल्या कपाटात वरच्या फळीवर आहे. नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी लिहिलेली 'श्यामची आई' शनिवारच्या मुलांना आपण वाचून दाखवतो. त्या पुस्तकांशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. लिहिणारा कैदेत होता म्हणून पुस्तक कपाटाबाहेर काढायचे हा नियम आपल्याकडे नव्हता, तो नवा आहे, एवढेच लक्षात आणून देते.

बुचानी यांना तर पेन्सिलही सुरक्षित नव्हती. कागदावर लिहिले तर झडतीत जाईल, या भीतीने त्यांनी हे पुस्तक मोबाईलवर, व्हॉट्सॲपच्या निरोपांतून लिहिले. पहिला फोन जप्त झाला. मग दुसरा लपवून ठेवावा लागला. फारसीत टंकलेले तुकडे ऑस्ट्रेलियातल्या मूनेस मन्सूबी यांच्याकडे जात, त्या ते जुळवून तोफिघियान यांच्याकडे देत, आणि ते इंग्रजी करत. वर्षानुवर्षे असे चालून 2018 मध्ये पुस्तक निघाले. त्याच फोनवर त्यांनी केंद्राच्या आतले चोरून चित्रीकरणही केले आणि त्यातून 2017 मध्ये एक माहितीपट झाला.

हे नुसते ऐकायला सोपे वाटते, म्हणून मी एक पान मुद्दाम फोनवरच मराठीत करून पाहिले. कामावरून घरी येताना ट्राममध्ये आणि मग गाडीत, अंगठ्याने. एका पानाला दोन तास वीस मिनिटे लागली. 'रांग' लिहिले की फोन 'राग' सुचवत होता, आणि दोनदा घाईत मी ते स्वीकारलेही. एक उतारा चुकून सासरच्या मंडळींच्या गटावर गेला. त्यात एक माणूस तीन दिवस झोपलेला नाही असे वर्णन होते. मिरजेहून धाकट्या दिरांचा लगेच फोन आला, 'वहिनी, तब्येत बरी आहे ना?' मी हसले, पण नंतर बराच वेळ ते डोक्यातून गेले नाही. तो निरोप पाठवणाऱ्या खऱ्या माणसाच्या घरच्यांना फोन करायचा असता, तर त्यांना पाळी मिळाली असती का?

तिसरा आक्षेप मतभेदांचा. मतभेद होतील हे मला मान्य आहे. गणपतीच्या आरतीच्या क्रमावरून होतात, जेवणाच्या ताटाच्या दरावरून होतात, तर यावरून का होऊ नयेत? मतभेद होतील म्हणून वाचनकट्टा नको असेल तर त्याचे नाव बदलून चहाकट्टा ठेवावे. प्रायोजकांपैकी कुणी हरकत घेतल्याची कुजबुज माझ्या कानावर आली आहे. ती खरी असेल तर उघड सांगावे, खोटी असेल तर तसेही सांगावे.

एका सदस्यांनी मला बाजूला घेऊन प्रेमाने सांगितले की हे आता जुने झाले, बुचानी न्यूझीलंडमध्ये सुखी आहेत, सोडून द्या. त्यातला पहिला भाग अर्धाच खरा आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये ते क्राइस्टचर्चच्या साहित्य मेळाव्यासाठी महिन्याच्या व्हिसावर गेले आणि जुलै 2020 मध्ये न्यूझीलंडने त्यांना निर्वासित म्हणून मान्यता दिली. डिसेंबर 2022 मध्ये ते प्रथमच ऑस्ट्रेलियात येऊ शकले. पण नाउरू या ऑस्ट्रेलियाच्या अशाच दुसऱ्या केंद्राच्या बेटावरची माणसे जून 2023 मध्ये हलवून झाल्यावर त्याच वर्षी सप्टेंबरपासून नव्या माणसांना पुन्हा तिथे नेणे सुरू झाले.

आणि मानुसचे सगळेच काही समुद्रापलीकडे घडलेले नाही. उपचारांसाठी मानुस आणि नाउरूहून आणलेल्या माणसांना आपल्या शहरातल्या हॉटेलांत कोंडून ठेवले होते, आधी प्रेस्टनमध्ये आणि मग कार्लटनमध्ये. स्वान्स्टन रस्त्यावरचे ते हॉटेल माझ्या कामाच्या वाटेवर होते. समोर लिंकन चौकाची हिरवळ, विद्यार्थी डबा खाताहेत, कुत्री पळताहेत. हॉटेलच्या काळपट काचा उघडत नसत. एके संध्याकाळी ट्राम सिग्नलला थांबली असताना वरच्या मजल्यावरच्या काचेला आतून लागलेला एक तळवा मला दिसला. चेहरा दिसला नाही, काच काळी होती; तळव्याचा फिका भाग तेवढा दिसत होता आणि तो हलत नव्हता. ट्राममधल्या कुणीच वर पाहत नव्हते. मीही त्याआधी कितीतरी वेळा पाहिले नसणार. जानेवारी 2022 मध्ये टेनिसपटू नोव्हाक जोकोविच यांना व्हिसाच्या वादात काही दिवस त्याच हॉटेलात ठेवले, तेव्हा जगभरचे कॅमेरे आले आणि आपल्या गटावर दोन दिवस त्या हॉटेलातल्या जेवणाची चर्चा रंगली. आत जवळजवळ नऊ वर्षे कैदेत काढलेली माणसे होती. मोस्तफा अझिमिताबर हे कुर्दी-इराणी निर्वासित त्या हॉटेलांतून सुटून आले आणि कॉफी आणि दात घासायच्या ब्रशने रंगवलेले त्यांचे आत्मचित्र 2022 मध्ये व्यक्तिचित्रांसाठीच्या 'आर्चिबाल्ड' या ऑस्ट्रेलियन पुरस्काराच्या अंतिम फेरीत पोचले. हे आपल्या शहरातले आहे. अठरा जणांना त्याविषयी ऐकायचे होते.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

कार्यक्रम रद्द करण्याचा निर्णय कोणत्या बैठकीत, कोणी मांडला आणि किती मतांनी झाला, हे इतिवृत्तात नोंदवून सभासदांना कळवावे. बैठक झालीच नसेल आणि निर्णय फोनवर झाला असेल, तर तसे लिहावे.

पुढच्या तीन महिन्यांत वाचनकट्ट्याचा एक तास या पुस्तकासाठी परत द्यावा. खर्च मंडळावर नको, चहा-बिस्किटे मी आणीन. ज्यांचे मत माझ्याविरुद्ध आहे त्यांच्यापैकी कुणी आपली बाजू मांडायला उभे राहणार असेल तर त्यांना माझ्याआधी बोलू द्यावे.

इथल्या फारसी किंवा कुर्दी बोलणाऱ्या शेजाऱ्यांपैकी एखाद्याला त्या दिवशी निमंत्रण द्यावे आणि आपण बाहेरच्या पाहुण्यांना देतो तेवढेच मानधन त्यांना द्यावे. या पुस्तकातली फारसी शब्दांची लय आपल्याला त्यांच्याच तोंडून ऐकता येईल, माझ्या उच्चारांतून नाही.

दोन्ही प्रती कपाटात परत घ्याव्यात. पुढे कोणतेही पुस्तक कपाटातून काढायचे असेल तर तो अधिकार कोणाचा, याचा साधा नियम वार्षिक सर्वसाधारण सभेत ठरवावा. तो नियम माझ्याविरुद्ध गेला तरी मी पाळीन.

वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेसाठी सूचना स्वीकारण्याची मुदत या महिनाअखेर संपते. माझी सूचना दोन अनुमोदकांच्या सह्यांसह सचिवांकडे पोचवली आहे, पोच अद्याप मिळालेली नाही. पुस्तके त्याच कापडी पिशवीत माझ्याकडे आहेत. पिशवी मंडळाची आहे, तीही परत करायची आहे, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर साडेबारापर्यंत मी कपाटांपाशी असेन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक आजीव सभासद